पत्तीचा दोष

माझे पुढचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. दाढा घट्ट मिटल्या तरी पुढे बोट जाईल एवढी फट राहायची. शिवताना दोरा दाताने तोडायचा तर तो थेट दाढेपर्यंत न्यावा लागे. शाळेत पोरांनी माझं नाव 'खिडकी' ठेवलं होतं. पुढे नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते नाव मीच सगळ्यांना सांगून टाकलं. पाठीमागे नवीन शोधायची कुणाला तसदी नको.

त्या फटीने मला एकच गोष्ट दिली, पण ती भरभरून दिली. लहानपणी वाद्य शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्यांदा माझ्या हातात क्लॅरिनेट ठेवलं, तेव्हा त्याचं टोक त्या फटीत असं बसलं, की सुताराने माप घेऊन खाच पाडली असावी. मास्तर कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हेत. ते म्हणाले, "हिच्या तोंडात आधीच जागा करून ठेवलीय." क्लॅरिनेटवर माझा आवाज जाडसर, किंचित घोगरा आणि उबदार होता. मी हे मिरवायला सांगत नाही. तिसऱ्या अंकाआधी अंधारात मी एकटी वाजवायचे, तेव्हा सगळं प्रेक्षागृह खोकायचं विसरत असे.

पस्तिशी उलटली आणि जबड्याने दगा दिला. घास चावताना कानाशी कटकट वाजायचं, सकाळी तोंड उघडता यायचं नाही, आणि एकदा तर तालमीत ते उघडलं ते मिटेचना. मी आ वासून बसलेली आणि ढोलवाला विचारतोय, "एवढं काय नवल पाहिलंस?" दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी प्लास्टरचे साचे हातात घेऊन समजावलं. दोन्ही जबडे कापून नीट बसवायचे, बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावायचे. त्याआधी वर्ष-दीड वर्ष तारा लावून दात आपापल्या हाडावर सरळ करायचे. "ऑपरेशनपर्यंत चेहरा आणखी बिघडल्यासारखा वाटेल," त्या म्हणाल्या, "घाबरायचं नाही." चेहऱ्याची मला फिकीर नव्हतीच. मी विचारलं, हाच आवाज परत येईल का?

"वाजवाल नक्की. खालचा ओठ काही महिने बधिर राहील, थोडाफार कायमचाही राहू शकतो. पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. पण हाच आवाज येईल, असं मी म्हणणार नाही."

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. घरी येऊन पोटभर रडले आणि तारा लावून घेतल्या. न चावता किती वर्षं काढणार?

मग तयारी सुरू झाली. रक्त तपासलं, फोटो काढले, अक्कलदाढा उपटल्या. आईने मिक्सर आणि गाळणी ताब्यात घेतली आणि दिसेल त्या भाजीचं सूप करायला लागली. ऑपरेशननंतर दीड महिना जबडे रबरांनी बांधलेले असणार, तेव्हा सगळं सिरिंजने गालात सोडायचं. नवऱ्याने आधी स्वतःवर प्रयोग केला आणि ऑफिसचा शर्ट हिरवा करून घेतला.

"चला," तो म्हणाला, "दीड महिना का होईना, घरात शेवटचा शब्द माझा."

"लिहून दाखवीन," मी म्हटलं.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, आरशासमोर उभं राहून जुन्या चेहऱ्याचा निरोप घ्या. मी उभी राहिले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, निरोपासारखं काही वाटेना. मला निरोप घ्यायचा होता तो आवाजाचा. माझं एकटीचं रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं. नाटकांची होती, पण त्यात मी संवादांखाली आणि ढोलाखाली दबलेली. म्हणून ठरवलं, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या नाट्यगृहात एकदा शांतपणे वाजवायचं आणि ते जपून ठेवायचं. ते असलं की बाकी काय कापायचं ते कापा.

आता पत्त्यांचं सांगते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते, तीच थरथरते आणि स्वर उमटतो. गेलं वर्षभर या पत्त्यांनी मला छळलं होतं. आवाज पातळ यायचा, वरचे स्वर किंचाळायचे. मी दुकान बदललं, मग जाडी बदलली, मग दुकानदाराशी कडाक्याचं भांडले की तुम्ही आता ओला वेत विकता. तो बिचारा शप्पथ घेत होता. वाजवणाऱ्या माणसाला कुठेही काही बिनसलं की पहिला संशय पत्तीवर जातो. रेकॉर्डिंगसाठी मी नवीन डबाच आणला होता.

त्या दुपारी साउंडवाल्याने रंगमंचाच्या मधोमध माईक लावला. माझे प्रयोग अजूनही ऐकायला येणारे मास्तर पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले. मी तिसऱ्या अंकाआधीचं तेच वाजवलं, डोळे मिटून, सावकाश. संपल्यावर मला वाटलं, जमलं. निरोप घेतला गेला.

साउंडवाल्याने ते मोठ्या स्पीकरवर ऐकवलं.

कुणीतरी बरं वाजवत होतं. स्वर जागच्या जागी होते, श्वास लांब होता, चूक एकही नव्हती. फक्त ती मी नव्हते. जाडी नाही, घोगरेपणा नाही, ऊब नाही. शिकवणीतल्या हुशार मुलीसारखं नीटनेटकं.

"पत्ती," मी म्हटलं आणि दुसरी लावली. मग तिसरी लावली. चौथी पाण्यात भिजवायला घेतली, तेव्हा मास्तर उठले आणि काठी टेकत माझ्याजवळ आले.

"पत्तीचा दोष नाही. तुझे दात सरकलेत."

मी जिभेने पुढचे दात चाचपले. दीड वर्षं त्या तारा रोज केसभर दात सरकवत होत्या. चेहरा बिघडेल, हे मला सांगितलं होतं. ओठ बधिर होईल, हेही सांगितलं होतं. आवाज ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, असं मी धरून चालले होते आणि तो माझ्या नाकाखालून केव्हाच निघून गेला होता. ज्याचा निरोप घ्यायला आले, तो घरात नव्हताच.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"जाड तार बसवलीस ना, त्या सुमारास."

म्हणजे वर्ष होत आलं. माझा संताप झाला. "आणि तुम्ही गप्प बसलात? मला सांगितलं असतं तर—"

"तर तू तारा उपटून फेकल्या असत्यास," ते म्हणाले. "आणि पुन्हा एक दिवस आ वासून बसली असतीस. तू नीट चावून खावंस, एवढंच मला हवं होतं."

ते खरं होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. साउंडवाला उगाच वायर गुंडाळत दूर गेला. मी रंगमंचाच्या कडेला बसले. नंतर मास्तरही काठी आडवी ठेवून शेजारी बसले, त्या वयात त्यांना ते सोपं नव्हतं.

"शेवटचा चांगला आवाज कधी लागला, ते आठवतं तुम्हाला?"

"आठवतं. मंगळवार होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तसं तू त्याआधी कधी वाजवलं नव्हतंस."

मला तो मंगळवार आठवेना. मी खूप शोधला. सगळे मंगळवार सारखेच दिसत होते.

"मी काय केलं मग? वाजवून झाल्यावर?"

"काय करणार," मास्तर म्हणाले. "क्लॅरिनेट पुसलंस, पत्ती बेकार आहे म्हणालीस, आणि ती मोडून टाकून दिलीस."