काखेतल्या चार कड्या

मी लोखंडी कड्यांचा अंगरखा बोलतोय. तलवारी झेलायला घडवलेला, आणि आज भीतीने नुसता थरथरतोय. हसू नका, बाबांनो. वेळच तशी आली आहे.

माझे मालक सरदार सर वायमंड. घोडे, ससाणे, मेजवान्या, सगळा थाट उधारीवर. शेवटी मला खांद्यावर टाकून ते इंग्लंडातल्या लिंकन शहराच्या ज्यू आळीत गेले आणि विधवा फ्लोरियाकडे मला गहाण ठेवून पैसे घेऊन आले.

त्या बाईने मला कसं जपलं म्हणून सांगू! गंज निघावा म्हणून वाळूच्या पिंपात घालून लोळवायची, तेल चोळायची. डाव्या काखेत माझ्या चार कड्या तुटलेल्या. तिची मुलगी मिर्ला म्हणाली, "आई, लोहाराकडून बसवून घेऊ या की."

"नको गं. दुसऱ्याची वस्तू. आली तशीच परत जायला हवी."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर वायमंड दोन साक्षीदार घेऊन दारात हजर! नेमका शनिवार. थैली उंबऱ्यावर आपटून म्हणाले, "घे मोजून!"

"साहेब, शनिवार आमचा विसाव्याचा पवित्र दिवस, पैशाला हात लावत नाही आम्ही, ठाऊक आहे तुम्हाला. चांदण्या दिसल्या की या."

"ऐकलंत ना रे? नको म्हणाली!" थैली उचलून स्वारी चालती झाली.

वर खटलाही त्यांनीच भरला. हिने पैसे नाकारले, आता कर्ज संपलं, माझं चिलखत द्या! मला कचेरीत मेजावर ठेवलं होतं. फ्लोरियाचा हात माझ्या बाहीवर होता. हरली असती तर राजाचा कर थकला असता, आणि कर थकवणाऱ्या ज्यूंची रवानगी थेट किल्ल्याच्या कोठडीत व्हायची.

न्यायाधीशांनी साक्षीदार गिरणीवाल्याला विचारलं, "आधी जायला वेळ नव्हता का?"

"होता की! पण सरच म्हणाले, शनिवारी जाऊ, म्हातारी हात लावणार नाही."

अख्खी कचेरी खो खो हसली. पंच अर्धे ख्रिस्ती, अर्धे ज्यू, तरी निकाल एकमुखाने झाला. आधी कर्ज फेडा, मग चिलखत न्या.

सर वायमंडांनी एक कुरण विकून पैसे भरले. मला अंगावर चढवताना फ्लोरियाला हळूच म्हणाले, "तुझं फिटलं, म्हातारे. माझं राहिलंय." तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही.

आज ईस्टरच्या आधीचा शुक्रवार. ज्यूंनीच येशूला मारलं, असं प्रवचन ऐकून पेटलेला जमाव ज्यू आळीत शिरलाय. सगळ्यांत पुढे सर वायमंड, आणि त्यांच्या अंगावर मी. फ्लोरियाचं दार फुटलंय. जिन्यावरून मायलेकी दगड फेकताहेत, आणि ते माझ्यावर आपटून खाली पडताहेत. तिनेच घासून ठेवलेल्या कड्या, एकही दगा देत नाही. अरे देवा, मीच वाचवतोय याला!

मिर्लाच्या हातात चुलीतली सळई आहे. सर वायमंड पायऱ्या चढताहेत, दोन्ही हातांनी कुऱ्हाड उगारताहेत.

पोरी, माझा आवाज तुला ऐकू जायचा नाही गं. पण आठव, आईने मला लोहाराकडे नेऊ दिलं नव्हतं, आणि यानेही नेलं नाही. आठव ना! डावी काख, मिर्ला. डावी काख!