वाकडा दांडा

"तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" मामा म्हणाला. "इतकी वर्षं वाकडा होता तो दांडा. कुणाचं काही अडलं होतं?"

"गंजून मेला होता," मी म्हणालो. "गॅरेजात नेला, सरळ केला, तेल दिलं. आभार मानायचे सोडून भांडतोयस काय?"

"बघ गं, पोराची जीभ बघ. शाळा सोडली आणि थेट इंजिनिअर झाला."

आई टेबलापलीकडे उभी होती.

टेबल म्हणजे फुटबॉलचं. आडव्या दांड्यांवर लाकडी गडी बसवलेले, मुठी फिरवायच्या आणि गोल मारायचा. आजोबांच्या लाँड्रीत कोपऱ्यात असायचं, गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी. पण गिऱ्हाइकांच्या पोरांना कोण हात लावू देतंय, मामा आणि आई, हे दोघंच त्याला चिकटलेले असायचे. लाल बाजू मोठ्याची, निळी धाकटीची, हा नियम मामानेच केलेला. आता लाँड्री विकली आणि टेबल आमच्या बाहेरच्या खोलीत आलं. निळ्या गोलकीपरला नाक उरलेलं नाही, पण फळ्या अजून ठणठणीत आहेत.

मामाला ते ऑफिसात ठेवायचं होतं. वर काच, काचेवर फुलदाणी. येणारे-जाणारे म्हणणार, वा, काय जुनी वस्तू आहे. आईला खेळायला हवं होतं. शेवटी ठरलं, एक डाव खेळायचा. आधी पाच गोल करेल त्याचं टेबल.

मामा निवांत होता, कारण त्याच्याकडे हुकमी फटका होता. त्याचा पुढचा दांडा मधे जरासा वाकलेला, त्यामुळे मधला गडी तिरका झुलायचा. बॉल कडेच्या फळीवर आपटून गोलात. आई लहानपणभर त्याच फटक्यावर हरली. म्हणून मी दांडा सरळ केला. आता बॉल नाकासमोर जायचा, थेट गोलकीपरच्या पोटात. मामाने सरावाला दोन फटके मारले आणि त्याचं तोंडच उतरलं.

"आमचं लहानपण होतं रे त्या वाकड्या दांड्यात," मामाचा आवाज जरा खाली आला.

"लहानपण कसलं, तुझं जिंकणं होतं."

"वाकव परत," आई म्हणाली.

मला वाटलं, मामाला सांगतेय.

"तुला सांगतेय. काढ तो दांडा आणि होता तसा करून आण."

"आई, डोकं फिरलंय का? तुझ्यासाठी केलं मी."

"मी मागितलं होतं? सरळ दांड्यावर दादाला कोणीही हरवेल. तूसुद्धा."

मामा खो खो हसला. माझं टाळकं सरकलं. दांडा उपसला, दार आपटलं आणि गॅरेजात आलो. मी इथेच काम करतो. दांडा शिकंज्यात आवळला. पूर्वी तो टेबलाच्या कडेच्या भोकाला जिथे घासायचा तिथली चकाकी उडालेली. परत तिथेच घासला पाहिजे, इतका वाक दिला. बरोब्बर. अंदाजपंचे काम माझ्याकडे नसतं.

दांडा परत बसवला.

"हरल्यावर रडायचं नाही हं, छोटे," मामा बाह्या सारत म्हणाला.

"तू मार रे. बडबड नंतर कर."

मामाने मारला. तिरका, सणसणीत. बॉल फळीवर आपटला आणि गोलाच्या अलीकडेच थांबला. आईने गोलकीपर हलवलासुद्धा नव्हता. मागचा बचाववाला फळीला चिकटवून ठेवलेला, पाय मागे कलते. बॉल त्याच्या पायाखाली अडकला, उंदीर मांजराच्या पंजाखाली अडकतो तसा.

मामा बघतच राहिला. "हे कधी शिकलीस?"

"तू हॉस्टेलला गेलास तेव्हा. एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायचे. तुझा फटका तुझ्यापेक्षा मला चांगला येतो."

"मग कधी बोलली नाहीस?"

"तू परत कुठे खेळलास?"

पुढे आईने त्याला धुतला. ती अशी खेळते, हे मला ठाऊकच नव्हतं. मनगट तेवढं हलतं, बाकी बाई दगड. पाचवा गोल तर मामाला दिसलाही नाही, खडखडाट ऐकून कळलं.

"काचवाल्याला नको म्हणून सांगतो," मामा घाम पुसत म्हणाला. "पण रविवारी येणार मी."

"ये. पोटभर जेवून ये, लवकर दमतोस."

तेवढ्यात मामाने बॉल मधे टाकलासुद्धा. मी लाल बाजूची एक मूठ धरली, तर दोघांनी एकदम माझा हात झटकला. भांडणार होतो, पण गॅरेजमालकाचा तिसऱ्यांदा फोन येतोय. मला आता निघायला पाहिजे.