येतानाचा उतार

"जाताना साडेआठ तास आणि येताना साडेतीनच? येताना विमानाला उतार लागतो की काय?"

शिवणकाकूंनी चष्म्यावरून तिकिटाकडे बघत विचारलं आणि त्यांच्या मुलाने कपाळाला हात लावला.

"आई, विषय बदलू नकोस. डॉक्टर काय म्हणाले? सहा तासांच्या वर बसून प्रवास नाही. तिकीट रद्द करतोय मी."

"जन्मभर मशीनवर बसले, तेव्हा नाही कुठला डॉक्टर आडवा आला!"

"म्हणूनच पायांची ही दशा झालीये ना?"

मुलगा वाईट नव्हता हो, आईच्या सुजलेल्या पायांना रोज तोच शेक द्यायचा. पण चार हजार किलोमीटरवरच्या त्या शहरात लेकीचं शिवणकामाचं दुकान उघडणार होतं आणि पहिली टीप आईनेच मारायची, असा तिचा हट्ट होता. काकूंनी सारं आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोकांचे कपडे शिवले. स्वतःचं दुकान त्यांना कधी जमलं नाही. लेकीचं तरी या डोळ्यांनी बघायचं होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. पायांचं तिला कळू द्यायचं नाही, अशी काकूंची सक्त ताकीद होती. मुलाने ती मोडली आणि सगळं सांगून टाकलं.

"साडेआठ तास? कोणी सांगितलं?" लेक म्हणाली.

"तिकिटावर आहे की! सकाळी दहाला निघणार, संध्याकाळी साडेसहाला पोचणार."

"आणि येताना उतार आहे," काकू मध्येच म्हणाल्या. "दहाला निघून दीडला घरी."

लेक खो खो हसत सुटली. "अरे दादा, निघायची वेळ तुमच्या घड्याळाची आणि पोचायची आमच्या! आम्ही अडीच तास पुढे आहोत. जाताना सहा आणि येतानाही सहाच."

दादाने बोटांवर मोजून पाहिलं. मग पुन्हा मोजलं.

"हे आधी सांगायचं ना," तो पुटपुटला. काकूंनी तोवर बॅग खाली काढली होती.

विमानात त्या दोन रांगांमधून येरझाऱ्या घालत राहिल्या. "आजी, काही हवंय का?" हवाई सुंदरीने विचारलं. "थोडी वाट हवीये," काकू म्हणाल्या.

उतरल्यावर मुलाने सांगून ठेवलेली चाकाची खुर्ची दारात हजर होती. काकूंनी तिच्यात बॅग ठेवली आणि स्वतः शेजारून ताठ मानेने चालत निघाल्या. लेकीने लांबूनच पाहिलं. तिला हसूही आवरेना आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. सगळी मशीनं विजेवरची होती, पण मधोमध एक जुनं पायमशीन होतं. ते लेकीने आईसाठी मुद्दाम शोधून आणलं होतं. काकू बसल्या, चाकाला हात लावला, कापड सरकवलं. टीप सरळ निघाली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काकू हरखून गेल्या. आपण जिंकलो, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"आई, पाय कसे आहेत?"

"कामात आहेत," काकू म्हणाल्या आणि फोन लेकीच्या हातात देऊन त्यांनी दुसरी टीप घातली.