दोन मासे आणि चार चाकं

आमच्या घरात मुलं दोन, पण माझे यजमान तीन सांगायचे. मुलगा, मुलगी आणि ही गाडी. घरात आली सगळ्यांत शेवटी, पण अंगापिंडानं मोठी म्हणून तिला ते ‘थोरली’ म्हणायचे. तिला आता अठ्ठावीस वर्षं झाली. यजमान जाऊन सहा. थोरली तेव्हापासून मुलीकडे आहे.

मुलगी जनावरांची डॉक्टर. दर सोमवारी ती डोंगरावरच्या एकवीस गोठ्यांची फेरी करते. वरचा रस्ता म्हणजे नुसता चिखल आणि चढ. चारही चाकांना जोर मिळाला तरच गाडी चढते. गेल्या सोमवारी तिनं नेहमीसारखा फोर व्हीलचा लिव्हर ओढला, पण डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतच राहिला. मागची चाकं चिखलात गरगरली, पुढची ढिम्म. बिचारी दोन तास चालत खाली आली; गाडी नंतर ट्रॅक्टरनं ओढून गॅरेजात पोचवली. मंगळवारी डेअरीच्या ऑफिसातून फोन आला, की येत्या सोमवारी वर पोचला नाहीत तर ती फेरी दुसऱ्या डॉक्टरांना देऊ.

माझ्या मुलानं फोनवर निकाल देऊन टाकला. “भंगारात घाला तिला आता.”

“दादा, तुला वर्षातून एकदा यायचंय. तू बोलू नकोस,” असं म्हणून मुलीनं फोन ठेवला. मग बराच वेळ किल्ली हातात फिरवत बसली. वरच्या गोठ्यांतली प्रत्येक गाय ती शिंगांवरून ओळखते. ती फेरी गेली तर तिचं काय जाईल, ते मला दिसत होतं.

शनिवारी सकाळी ती गॅरेजला निघाली, तेव्हा मीही तिच्याबरोबर रिक्षात जाऊन बसले. मला घरी ठेवलं की मी दर दहा मिनिटांनी फोन करते, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मेकॅनिक पन्नाशीचा, शांत माणूस. त्याच्या हातात गाडी तीन दिवस होती. मला बसायला त्यानं टायरवर फळी टाकून दिली.

“फ्यूज बघितला, लिव्हर बघितला, वायरी बघितल्या,” तो मुलीला म्हणाला. “गाडी उचलून चालू केली, तर मधला दांडा झकास फिरतो. म्हणजे जोर पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत येतो, डॉक्टर. तिथून चाकाला जात नाही.”

“का जात नाही?” मी विचारलं.

“आई, त्यांना काम करू दे.”

“विचारू द्या हो. माझ्याकडे येणारे नुसतं ‘कधी होईल’ एवढंच विचारतात.” तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि खडूनं फरशीवर चित्र काढायला लागला. “आजी, पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, इथं तुटक आहे. मुद्दामच. साध्या रस्त्यावर हे दोन तुकडे वेगळे राहतात. चढावर ही कडी सरकते आणि दोघांना जोडते.”

“आणि कडीला कोण सरकवतं?”

“हवा. इंजिन हवा ओढून घेतं. ही बारीक नळी त्या ओढीला इथपर्यंत आणते. इथं एक डबी आहे, तिच्यात रबरी पडदा. पडदा ओढला गेला की कडी सरकते, आणि मग दिवा लुकलुकायचा थांबतो.”

“म्हणजे स्ट्रॉनं सरबत प्यायल्यासारखं.”

“अगदी तसंच!”

“मग स्ट्रॉला भोक पडलं असेल.”

तो हसला. “नळ्या पहिल्याच दिवशी बघितल्या. काळ्या, टणक, जागच्या जागी. बिघाड डबीत आहे. आणि ही डबी आता कुणी बनवत नाही. सहा ठिकाणी फोन केले.”

मुलगी फडक्यानं हात पुसत राहिली. हात स्वच्छच होते.

मला मात्र राहवेना. “डबीच बिघडलीय, हे कशावरून?”

“बाकी सगळं बघून झालं म्हणून.”

“हे म्हणजे घरातले सगळे नाही म्हणाले, म्हणून दूध मांजरानंच प्यायलं. तुम्ही डबीला विचारलंत का? तोंडानं ओढून बघा की हवा.”

मेकॅनिक हसू दाबत म्हणाला, “आजी, तुम्ही उद्यापासून कामाला या.” तो गाडीखाली सरकला, डबीवरची नळी काढली, डबीला नवीन नळीचा तुकडा लावला आणि गाल आत जाईपर्यंत हवा ओढली.

खट्.

आवाज इतका लहान, की माझ्या कानांनाही ऐकू आला याचंच मला नवल वाटलं. मुलगी पालथी पडून गाडीखाली बघत होती. “सरकली! कडी सरकली!”

डबी धडधाकट होती. मग त्यानं जुनी नळी परत बसवली आणि तिचं इंजिनाकडचं टोक तोंडात धरलं. ओढलं. पुन्हा ओढलं. तोंड लाल झालं, पण खट् काही होईना.

“आजी, स्ट्रॉच,” तो म्हणाला. जरा ओशाळला होता.

तो नळी बोटांनी चाचपत निघाला. बॅटरीच्या बैठकीखाली, जिथं नजर जात नाही तिथं, बोटं थांबली. नळीवर वीतभर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. इतकी सफाईदार, की पट्टी आणि रबर वेगळं कळू नये. तिच्यातच बारीक चीर होती. त्यानं पट्टी सोलायला सुरुवात केली.

आतून पोपटी रंग निघाला.

“ही गाडीची नळी नव्हे,” मेकॅनिक म्हणाला. “ही तर... काचेच्या टाकीत मासे ठेवतात ना, त्यांच्या हवेच्या पंपाची. कडक होऊन तडकलीय. पण बसवली छान होती हं कुणीतरी.”

मुलगी उठून बसली. केसांना ग्रीस लागलं होतं. “आई,” ती हळूच म्हणाली, “माझे मासे.”

आणि मला बावीस वर्षांपूर्वीचा तो दिवस सगळाच्या सगळा दिसला.

यजमान विजेच्या तारांच्या देखभालीला होते. त्या पहाटे वरची तार तुटल्याचा निरोप आला. अंगणात बराच वेळ बॉनेट उघडं होतं. ते दोनदा घरात येऊन गेले, चाकू मागितला, चिकटपट्टी मागितली. संध्याकाळी परततो म्हणाले आणि परतले दुसऱ्या दिवशी, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. तोवर मुलीचे दोन्ही सोनेरी मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. ती दहा वर्षांची. आदल्या दिवशी तिनं मूठभर खाणं जास्त टाकलं होतं, म्हणून मीच तिला म्हणाले, “तूच मारलंस त्यांना.” दादानं तिला वर्षभर ‘जल्लाद’ म्हणून हाक मारली, अजूनही मधूनच मारतो. यजमान काहीच बोलले नाहीत. त्याच दुपारी नवा पंप घेऊन आले, न सांगता, न मागता. मी म्हटलं, मासे तर उरले नाहीत, पंप कशाला? तेव्हा ते अंघोळीला निघून गेले. त्यांना ऐकू गेलं नसेल, असंच मी आजवर धरून चालले होते.

आणि ही पट्टी! मुलगी तेव्हा बापाबरोबर रोज बॉनेटमध्ये डोकं खुपसायची. पोपटी रंग तिच्या नजरेतून सुटला नसता, म्हणून त्यांनी तो झाकला.

“बाबा!” मुलगी म्हणाली. रडेल असं वाटलं, पण ती हसायला लागली, आणि मग थांबेचना. “बावीस वर्षं! स्वतः मारले आणि वर मला मत्स्यालयाचं पुस्तक आणून दिलं. ‘नीट वाच’ म्हणाले!”

“मीही तुझ्यावर ओरडले होते,” मी म्हणाले. “चुकलंच माझं.”

“तू काय, तू तर रोजच ओरडायचीस.”

मेकॅनिकनं नवी काळी नळी बसवली. गॅरेजच्या मागे ओल्या गवताचा उतार आहे. मुलीनं गाडी त्याच्या पायथ्याशी नेली, लिव्हर ओढला. दिवा लुकलुकला. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो स्थिर झाला. पुढच्या चाकांनी गवत धरलं आणि थोरली वर चढली. सावकाश, जडपणानं, पण न घसरता.

सोमवारी अकराला वरून फोन आला. मागे गाई हंबरत होत्या, त्यामुळे तिला ओरडूनच बोलावं लागत होतं.

“पोचले गं! आणि दादाला फोन करून सांग, मासे बाबांनी मारले. आजपासून मला जल्लाद म्हणायचं नाही.”

“तू सांग की.”

“नाही, तू सांग. माझं तो खरं मानणार नाही. आणि ती नळी फेकू नकोस, त्याला पुरावा लागेल.”

नळी माझ्यासमोर टेबलावरच होती. मी तिचं एक टोक तोंडाला लावलं आणि हवा ओढून पाहिली. चिरेतून बारीक शीळ वाजली.