शांतम्माची डेग

मित्रांनो, लातूरच्या एका नव्या वसाहतीत बंगल्याच्या फाटकाशी तांब्याचं एक भलंमोठं भांडं ठेवलेलं आहे. त्यात शोभेचं झाड लावलं आहे. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, काय जुनी कुंडी आहे!"

मी कुंडी नाही. मी डेग आहे. अख्ख्या गावाचा स्वयंपाक एका वेळी शिजवावा म्हणून मला घडवलं होतं. माझी हकीकत ऐकायला आज कुणाला वेळ नाही. तुम्ही थांबलात, म्हणून सांगते.

माझा जन्म उदगीरच्या तांबट आळीत झाला. धोंडवाडीच्या सिद्रामप्पांनी मला मुद्दाम घडवून घेतलं. तांबट ठोक्यावर ठोके घालत होता आणि सिद्रामप्पा शेजारी बसून म्हणत होते, "काठ रुंद ठेव रे बाबा. वाढणाऱ्याचा हात अडकू नये." त्यांच्या घरात सात भाऊ होते. त्यांच्या बायका, पोरं, गडी असा पसारा रोज पंगतीला बसायचा. पण मला घडवलं ते घरासाठी नव्हे, दासोहासाठी. दासोह म्हणजे आलेल्या भुकेल्याला महादेव समजून वाढणं.

त्या घराचा एक नेम होता. दुपारी अन्न शिजलं की घरची मोठी सून उंबऱ्यावर उभी राहायची आणि तीनदा हाक द्यायची, "उपाशी कोण हाय का? या, पान वाढलंय." बाहेरचं एक तरी माणूस जेवून उठल्याशिवाय तिनं अन्नाला शिवायचं नाही. आणि आलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही. विचारलंच, तर त्यानं हात धुतल्यावर.

तुम्हाला गोड गोड सांगत नाही. पंगती तेव्हाही वेगवेगळ्या बसत. काहींना अंगणात, काहींना अंगणाबाहेर. पण माझ्या पोटातलं अन्न सगळीकडे एकच जायचं.

सिद्रामप्पा गेले आणि तो नेम त्यांच्या बायकोच्या पदरात आला. शांतम्मा. फार हळू बोलायची. रोज न चुकता इष्टलिंगाची पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि मग चुलीपाशी यायची. माझ्यात पहिली ओंजळ टाकताना डोळे मिटायची. तिची हाक इतकी मऊ होती, की ती विहिरीपर्यंत कशी पोहोचते याचं लोकांना नवल वाटे. भूक असली की ऐकू येतं, एवढंच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

विहिरींचे तळ उघडे पडले. सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं. खडी फोडायला सगळे गेले. लिंगायत गेले, मराठे गेले, सिद्रामप्पांचे भाऊसुद्धा गेले. एकमेकांकडे न बघता हातोडा चालवायचे. त्याच कामावर डोंगराकडून लमाणांची माणसं आली आणि गायरानात त्यांनी पालं ठोकली. माझ्या पोटात लाल मिलोच्या कण्या शिजू लागल्या. परदेशी ज्वारी ती. तिला ना चव, ना वास. पण शांतम्मा तिच्यावर चिमूटभर विभूती भुरभुरायची आणि लोक प्रसाद म्हणून खायचे.

त्या पंगतीत झमकू नावाची एक लमाणीण पहिल्यांदा आली. कडेवर एक, पाठीशी एक, पदराला धरून आणखी काही. शांतम्माचा मुलगा विरूपाक्ष तेव्हा तरणाताठा होता. तो हसून म्हणाला, "काय ग, आख्खी शाळाच घेऊन आलीस की!"

झमकू म्हणाली, "मालक, दोन गेली तापानं, न्हाईतर मास्तरबी लागला असता."

विरूपाक्षाचं हसू तिथंच थांबलं. शांतम्मानं पळीभर जास्त वाढलं.

त्या साली माझं फार कौतुक झालं. मामलेदार आले, माझ्या काठाला हार घातला गेला. शांतम्मा आत स्वयंपाकात होती. हारासोबत उभा राहिला तो विरूपाक्ष.

मित्रांनो, दुष्काळ संपतो. माणसं जगतात, आणि नेमकं तेच काहींना खुपतं.

पालं उठली नाहीत. गायरानात तांडा वसला. पालांच्या झोपड्या झाल्या, झोपड्यांवर कौलं चढली. इकडे गाव विरळ होत गेलं. विरूपाक्षाचं लग्न लातूरच्या महानंदाशी झालं. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता, तो वाचून त्यांनी दोन लेकरांवर थांबवलं. थांबवलं हे बरंच केलं. पण त्याचा गर्व झाला. आपलं घर लहान ते शहाणपणानं, आणि तांड्यातलं घर मोठं ते आपल्या वाईटावर, असं पारावर बोललं जाऊ लागलं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. कामासाठी उस्मानाबादला खेटे घालायचे ते वाचले. गावात पेढे वाटले. आणि मग गावातली पोरं एकेक करून नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी निघून गेली. कुणी कचेरीत चिकटला, कुणी दाळमिलमध्ये. आमच्या समोर राहणाऱ्या गुरुपादप्पांचे दोन्ही मुलगे गेले. म्हातारा एकटा उरला. शाळेत हजेरी घेतली की निम्म्याहून जास्त नावं तांड्यातली.

माझी चूल दाराशी, आणि गावाचा पार समोरच. म्हणून सगळं ऐकू यायचं.

"हमीचं काम कुणाला? तांड्याला," गुरुपादप्पा म्हणायचे. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. "निराधाराचा पगार कुणाला? तांड्याला. पोरं ह्यांनी काढायची अन् पोसायची सरकारनं!"

"अन् दुपारच्याला शांतम्मा हायच की," दुसरा कुणी टोमणा मारायचा. "फुकटाची सवय लागली की हाडं आळसावतात बघा."

आता मी तांब्याची मुकी डेग. पण मला एक दिसत होतं. पारावरच्या त्याच माणसांनी विहिरीवर सरकारी इंजिनं बसवली होती, खतावर सूट घेतली होती. त्याला ते 'अनुदान' म्हणत. तांड्यात तेच गेलं, की 'फुकट'.

दोन-चार वर्षांनी पाऊस पुन्हा रुसला. तांड्यातली माणसं पुन्हा पंगतीला वाढली. एका दुपारी विरूपाक्ष माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अव्वा, उद्यापासून हाक मी देणार. दासोह आपल्या माणसांसाठी. पारावर ठरलंय."

शांतम्मानं पळी ठेवली. "आपली म्हंजे कोणती रे?"

"तुला कळतंय. सोंग नको घेऊ."

"न्हाई बाबा, मला खरंच कळंना. भूक लागल्यावर मला तर सगळी सारखीच दिसतात."

"अव्वा, ते वाढाय लागलेत अन् आपण कमी व्हाय लागलोय. उद्या गावात आपलं कोण विचारतंय?"

"आपण कमी झालो, त्याला भाकरी कारण हाय का?" ती अगदी हळू म्हणाली. "आपली पोरं तांड्यानं न्हाई नेली, विरूपा. लातूरनं नेली."

 पण दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर तोच उभा राहिला. आवाज खणखणीत. "आपल्यापैकी उपाशी कोण हाय का? या!"

कुणी आलं नाही.

तांड्यातली माणसं दूर चिंचेखाली थांबली होती. ती ऐकून परत फिरली. आणि 'आपल्यापैकी' तर कुणीच आलं नाही. कसं येणार? ज्या तोंडांनी रोज पारावर 'फुकट खाणारे' म्हटलं, त्या तोंडांनी आता पंगतीत घास कसा घ्यावा? माझ्या पोटातल्या कण्या थंड झाल्या. विरूपाक्षानं त्या बैलांपुढे ओतल्या. आणि शांतम्मा नुसतं पाणी पिऊन निजली. तिचा नेम होता ना.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

शांतम्मानं एका वाडग्यात कण्या घेतल्या आणि ती गुरुपादप्पांच्या दाराशी गेली. त्यांच्या घरातून बरेच दिवस धूर निघाला नव्हता, हे साऱ्या गावाला दिसत होतं. ते बंद दार आमच्या अंगणासमोरच होतं.

"गुरुपादप्पा, दार उघडा. माझ्यासाठी दोन घास खा."

आतून आवाज आला, "जेवलोय मी शांतम्मा. मी काय तांड्यातला हाय का?"

दार उघडलं नाही. म्हातारा त्याच उन्हाळ्यात गेला. वयानं गेला, असं गावानं सांगितलं. मी काय बोलणार? पण इतकी वर्षं पंगतीसमोर काढली आहेत मी. भरल्या पोटाचा आवाज कसा असतो आणि रिकाम्या पोटाचा कसा, हे मला ऐकताच कळतं.

शांतम्माला चक्कर येऊ लागली, तेव्हा विरूपाक्ष घाबरला. आईवर त्याचा जीव होता, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्यानं आणि महानंदानं एक युक्ती काढली. अशी युक्ती, की हसावं का रडावं कळू नये. त्यांनी स्वतःच्या मुलीला, दानूला, मागच्या दारानं बाहेर काढलं आणि पुढच्या दारी पाहुणी म्हणून उभं केलं. विरूपाक्षानं हाक दिली. दानू पढवलेलं बोलली, "मी उपाशी हाय. मला वाढा."

शांतम्मा भिंतीला धरत उंबऱ्याशी आली. नातीच्या ओठांना लाडवाचा चुरा लागला होता. तिनं तो पदरानं पुसला.

"दानू, भूक हाय का ग तुला?"

पोरीनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "न्हाई अज्जी. आत्ताच खाल्लंय."

"अत्त्या, लेकराला कशाला विचारता?" महानंदा चिडून म्हणाली. "मान्य करा अन् जेवा की. महादेव काय मोजायला बसलाय?"

"मी महादेवाला फसवंन ग," शांतम्मा म्हणाली. "पण भुकेला कसं फसवू?"

तेवढ्यात फाटकातून झमकू आली. केस पिकलेले, हातात काही नाही, पाठीशी कुणी नाही. एकटीच. अम्मा उपाशी आहे, हे तिला चिंचेखाली कळलं होतं. ती उंबऱ्यापासून दूर हात जोडून उभी राहिली.

"अम्मा, मला वाढा. मी जेवून आलेय, पण वाढा. मी घास घेते, मग तुम्ही घ्या."

मित्रांनो, मी त्या घरात शेकडो पंगती पाहिल्या. पण जेवण मागायला येऊन जेवण देणारी मी एकच पाहिली.

विरूपाक्ष मध्ये आला. त्याच्या मागे पारावरची माणसं जमली होती. ती बघत होती, म्हणूनच तो मध्ये आला.

"तुला न्हाई बोलावलं, झमकू."

"ठाव हाय मालक. मी तुमच्या हाकेवर न्हाई आले. तुमच्या हाकेत माझं नाव नव्हतं. मी अम्माच्या जुन्या हाकेवर आलेय."

"जा म्हणलं ना!"

झमकू वळली. तिच्या मागोमाग शांतम्मा उंबरा उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, आणि उन्हात चालू लागली. विरूपाक्ष ओरडला, "अव्वा, कुठं चाललीस?"

"जिथं जेवायला हाकेची गरज न्हाई, तिथं," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

तिनं त्या दिवशी तांड्यात बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिचं नाव-गाव कुणी विचारलं नाही. गावानं मात्र विचारलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं, शांतम्मा बाटली. ती घरी परतली नाही असं नाही. पण विरूपाक्षानं तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. चूलच विझवली. नेम बंद झाला, तो बाटलेल्या हातानं नको म्हणून. असं तो लोकांना सांगे.

पुढे तो लातूरला आला. शांतम्मा यायला नको म्हणाली आणि धोंडवाडीतच राहिली. मला मात्र आणलं. शोभा म्हणून आणलं. पाणी साचू नये म्हणून माझ्या बुडाला भोकं पाडली. वर्षातून एकदा आत कल्हई व्हायची, ती आता नाही. उलट बाहेरून चिंच लावून घासतात, चकचकीत ठेवतात. पाहुणे आले की विरूपाक्ष माझ्या काठावर हात ठेवून म्हणतो, "आमच्या घराण्यात दासोहाची मोठी परंपरा बरं का." आणि फाटकावरचा राखणदार आल्यागेल्याला विचारतो, "कोण तुम्ही? कुणाकडं?"

या उन्हाळ्यात शेजारी नवी इमारत उठते आहे. विटा वाहणारी एक बाई किटली घेऊन फाटकाशी आली.

"भाऊ, पाणी मिळंल का?"

"नळ बंद हाय. सोसायटीचं पाणी बाहेरच्यांना न्हाई."

ती वळणार, तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. ती जवळ आली. काठावरून हात फिरवला. तो हात मी ओळखला नाही, पण चेहरा झमकूचाच होता. दुष्काळात झमकूच्या कडेवर असायची, तीच ही लाली.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "ही तर अम्माची डेग." आणि मग मलाच सांगावं तशी बोलली, "अम्मा गेल्या बघ पोळ्याच्या महिन्यात. शेवटपोत्तर दुपारची हाक चुकवली न्हाई. घरी चूल नव्हती, तर तांड्याच्या वेशीवर येऊन द्यायच्या, आमच्या चुलीवरच्या भाकरीवर."

माझ्यातलं झाड सुकायला आलं होतं. तिच्या किटलीच्या तळाशी घोटभर पाणी होतं. तिनं ते माझ्यात ओतलं आणि ती निघून गेली.

जन्मभर मी दुसऱ्यांना जेवू घातलं. मला कुणी वाढलं ते त्या दिवशी, पहिल्यांदा. पाणी भोकांतून लगेच खाली गेलं. मला राखता आलं नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. मला बाहेरून घासू नका. त्यानं माझं काही भलं होत नाही. तांब्याला आतून कल्हई लागते, नाहीतर चांगलं अन्नही त्यात विष होतं. तुमच्या घरी डेग नसेल. नसू दे. जेवायला बसण्याआधी एकदा दार उघडा आणि हाक द्या. कुणी आलं, तर आधी वाढा. नाव विचारायचंच असेल, तर त्याला आधी हात धुऊ द्या.