चालू स्थितीतलं पडीक वाहन

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता गाडी नेली. पालिकेच्या ट्रकवर चढवून, चारी चाकांना साखळ्या आवळून, सगळ्या गल्लीदेखत नेली.

हे आता विसरायचं. असं काही झालेलंच नाही. गाडी खाली तिच्या जागेवर आहे, काचेवर थोडी धूळ आहे आणि कवळीकार खिडकीत उभा राहून तिच्याकडे बघतो आहे. निदान कवळीकाराचं म्हणणं तरी असंच आहे, आणि गाडी त्याची असल्यामुळे आपणही तसंच धरून चालू.

कवळीकार म्हणजे कवळ्या बनवणारा. दवाखान्यांतून तोंडांचे साचे यायचे, तो मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवायचा, घासायचा, चमकवायचा आणि तयार कवळी डबीत घालून दवाखान्यात पोचती करायचा. हा धंदा मोठा अन्यायी. काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाला दिसत नाही. ‘काय सुंदर कवळी आहे हो तुमची’ असं कुणी कुणाला म्हणालं की समजायचं, कवळी फसली. त्यात धंद्याचा एक कडक नियम: आपली कवळी कुणाच्या तोंडात दिसली तरी ओळख दाखवायची नाही. नजर तोंडावरून उचलून कपाळावर न्यायची आणि हवेबद्दल बोलायचं. बारा वर्षं तो लोकांच्या कपाळांशी हवेबद्दल बोलत आला होता.

म्हणून त्याला एक तरी वस्तू अशी हवी होती, जिच्याकडे लोक मान वळवून बघतील.

ती त्याला एका मोटार-मिस्त्रीच्या शेडमध्ये सापडली. लांब नाक, उतरतं बूड, मागची चाकं पत्र्याच्या पदराआड अर्धी झाकलेली, आणि स्टिअरिंगला फक्त एक दांडी. फ्रेंच गाडी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. बंद असताना ती पोटावर बसलेली असायची. किल्ली फिरवली की आधी मागचं बूड उठायचं, मग पुढचं तोंड, आणि दीड मिनिटाने बाईसाहेब चालायला तयार.

‘‘हिला स्प्रिंगा नाहीत,’’ मिस्त्री म्हणाला. तो एकाच वेळी गाडीचा मालक, विक्रेता आणि डॉक्टर होता. ‘‘चार लोखंडी गोळे आहेत, त्यात तेल नि वायू. इंजिन चाललं की दाब येतो, ही उठते. इंजिन थांबलं की दाब उतरतो, ही बसते.’’

‘‘बिघडते का?’’

‘‘बिघडत नाही साहेब. रुसते.’’

कवळीकाराने त्याच क्षणी मनातल्या मनात गाडी घेतली. प्रत्यक्षात घेण्यासाठी मात्र अर्ज करावा लागणार होता.

त्याची बायको पाणीखात्यात आवक-जावकला होती. येणाऱ्या प्रत्येक कागदावर आकडा टाकायचा, जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आकडा टाकायचा, आणि ज्यावर आकडा नाही तो कागद जन्मालाच आलेला नाही असं समजायचं, हे तिचं काम. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी फ्रिजच्या रंगावरून ‘तू असं म्हणालीस’, ‘मी असं म्हणालेच नव्हते’ हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘यापुढे घरात जे काय ते लेखी.’’ तेव्हापासून फ्रिजच्या दारावर दोन चिमटे होते, एक आवकचा आणि एक जावकचा. पडदे बदलायचे, अर्ज. सासूबाई राहायला यायच्या, अर्ज. भांडण मिटवायचं असलं तरी विषय, संदर्भ आणि सही.

कवळीकाराने अर्ज लिहिला: ‘रोजच्या वापरासाठी एक जुनी फ्रेंच गाडी घेणेबाबत.’ ‘रोजच्या वापरासाठी’ हे शब्द त्याने नुसते वजन यावं म्हणून घातले होते. तिथेच तो फसला. संध्याकाळी अर्ज जावकच्या चिमट्यात होता, त्या दोन शब्दांभोवती लाल गोल होता आणि खाली शेरा:

‘मंजूर. अट: अर्जदाराने स्वतः नमूद केल्याप्रमाणे वाहन रोज वापरावे. एकही दिवस खंड पडल्यास मंजुरी रद्द समजून वाहन विकावे व त्याऐवजी राखाडी रंगाची, चार दारांची, कुणाच्या लक्षात न येणारी गाडी घ्यावी.’

‘‘अगं, कुणाच्या लक्षात न येणारी म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे तुमच्या कवळ्यांसारखी,’’ बायको म्हणाली. ‘‘चांगली.’’

पुढचे सत्तेचाळीस दिवस कवळीकार रोज डब्या घेऊन गाडीतून निघाला. बायकोने त्यासाठी एक वही घातली आणि रोज संध्याकाळी लिहिलं, ‘वापर: झाला.’ गाडी दोनदा रुसली. एकदा चौकात हिरवं तेल सांडून बसली तेव्हा मिस्त्री स्कूटरवरून आला, पुठ्ठा अंथरून खाली झोपला आणि वीस मिनिटांनी ती उठली. लोक बघायचे. पेपरवाला रोज मुद्दाम थांबायचा आणि बूड उठलं की म्हणायचा, ‘‘उठल्या का वहिनी?’’ कवळीकार वरवर चिडायचा. आतून तो त्या दीड मिनिटासाठी जगायचा.

सोमवारी दुपारी तो फेरी करून आला, गाडी लावली, वर जाऊन जेवला आणि तासाभराने खाली आला, तर पुढच्या काचेवर हातभर लांबीचा केशरी कागद.

‘सदर वाहन पडीक आढळले आहे. पाहणी गुरुवारी होईल. तोवर वाहन जागेवरून हलवू नये. हलवल्यास पुराव्याशी छेडछाड समजण्यात येईल.’

कवळीकाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट अजून कोमट होतं! चिकटवणाऱ्याच्या बोटांना ते लागलं नसेल? की पालिका पडीक वाहनं आधी शेकून घेते? त्याने पडीक वाहन विभागाला फोन केला. पलीकडच्या आवाजाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘चालते, याला पुरावा काय?’’

‘‘चालवून दाखवतो ना!’’

‘‘चालवायची नाहीये. कागद वाचला नाही का?’’

संध्याकाळी तो कागद त्याने बायकोसमोर आपटला. तिने तो आधी उलटा करून बघितला, मग सुलटा, मग उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे जावक क्रमांक होता. तारीखही होती.

‘‘रीतसर आहे,’’ ती जरा खिन्नपणे म्हणाली.

‘‘रीतसर? अगं, पोटावर बसलेली दिसली म्हणून पडीक! उद्या मी सोफ्यावर बसलो तर मला बेवारस म्हणून उचलून नेतील!’’

‘‘बसून बघा. पण त्याआधी उद्याचं काय ते बोला. गाडी हलवली तर पालिका नेणार. नाही हलवली तर खंड पडला.’’

‘‘म्हणजे तू अट काढणार नाहीस?’’

‘‘अट काढायची तर मुळात घातली कशाला?’’ ती म्हणाली. मग वही उघडून बराच वेळ बघत राहिली. ‘‘वापर म्हणजे काय, हे अटीत कुठे लिहिलेलं नाही,’’ ती हळूच म्हणाली, आणि लगेच उठून भांडी घासायला गेली, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणी बोललं.

मंगळवारी कवळीकार सकाळी गाडीत जाऊन बसला. किल्ली फिरवली. बूड उठलं, तोंड उठलं. चाक इंचभरही फिरलं नाही. मग त्याने मांडीवर फडकं पसरलं आणि दोन तास गाडीत बसून एका निवृत्त तारमास्तरांची खालची कवळी घासली. डब्या मात्र पायी पोचवल्या. संध्याकाळी वहीत नोंद पडली: ‘वापर: झाला (कार्यशाळा म्हणून).’ बुधवारी: ‘वापर: झाला (वाचनालय म्हणून).’ पेपरवाला म्हणाला, ‘‘वहिनी आजही घरीच?’’ त्यावर कवळीकाराने दातओठ खाल्ले. स्वतःचे.

गुरुवारी नऊ वाजता निरीक्षक आला. हातात फाइल, आणि दोरीला बांधलेला एक लाकडी ठोकळा. त्याच्यामागून रिकामा ट्रक. बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मिस्त्रीही आला होता.

‘‘पद्धत सोपी आहे,’’ निरीक्षक म्हणाला. ‘‘ठोकळा गाडीखालून आरपार गेला तर वाहन चालू. अडकला तर पडीक. टायर बसलेल्या गाड्या अशाच ओळखतात.’’

‘‘बघा मग,’’ कवळीकार म्हणाला. तो पहाटेपासून इंजिन चालू ठेवून आत बसला होता. गाडी ताठ उभी होती. ठोकळाच काय, खालून मांजर शेपूट वर करून गेलं असतं.

‘‘इंजिन बंद करा.’’

‘‘का?’’

‘‘पाहणी बंद अवस्थेत होते. पडीक गाडीचं इंजिन चालू नसतं.’’

‘‘हिचं चालू आहे!’’

‘‘म्हणूनच बंद करा म्हणतोय.’’

कवळीकाराने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री पुटपुटला, ‘‘मागचे गोळे जुने आहेत साहेब. दहा मिनिटं धरेल. देव करो, यांना घाई असो.’’

इंजिन थांबलं. निरीक्षकाला घाई नव्हती. तो भिंतीला टेकला, त्याने फाइल बगलेत मारली आणि बोलायला लागला.

‘‘असल्या गाड्या नुसत्या दाखवायच्या असतात. वरून थाट, आत काही नाही. खऱ्या वस्तूला नाटक लागत नाही हो. खरं ते खरंच दिसतं.’’ आणि तो हसला.

कवळीकाराला समोर डाव्या बाजूचा वरचा सुळा दिसला. किंचित तिरका. इतका तिरका की बघणाऱ्याने शपथेवर सांगावं, हा माणूस जन्मला त्याच जबड्याने हसतोय. तो सुळा कवळीकाराने तिरका लावला होता. मुद्दाम, चार वेळा मेण वितळवून. वरची आणि खालची, दोन्ही त्याचीच. बारा वर्षांत त्याच्या हातून इतकं खोटं काम इतकं खरं उतरलं नव्हतं.

एक वाक्य पुरलं असतं. सगळी गल्ली जमली होती, पेपरवालासुद्धा. त्याच्याच दातांनी हा माणूस त्याच्याच गाडीला खोटी म्हणत होता, आणि गाडीचं बूड एकेक बोट खाली येत होतं.

कवळीकाराची नजर तोंडावरून उठली आणि निरीक्षकाच्या कपाळावर जाऊन बसली.

‘‘आज हवा बरी आहे,’’ तो म्हणाला.

बायकोने झटकन मान वळवून त्याच्याकडे बघितलं. नवऱ्याचं हे कपाळाशी बोलणं तिला चांगलं ठाऊक होतं. तिने एकदा निरीक्षकाच्या तोंडाकडे बघितलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. ‘‘अहो, बोला ना!’’

‘‘बोललो की. हवा बरी आहे.’’

‘‘काल जरा दमट होती,’’ निरीक्षक म्हणाला.

‘‘हो. काल दमट होती,’’ कवळीकार म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, आवाज मात्र जागेवर होता. बायकोने वही छातीशी धरली.

अकराव्या मिनिटाला ठोकळा अडकला.

‘‘पडीक,’’ निरीक्षकाने लिहिलं आणि ट्रककडे हात केला.

ट्रकवाला साखळी घेऊन आला, वाकला, गाडीखाली बघून परत सरळ झाला. ‘‘साहेब, ही पोटावर बसलीये. अशी ओढली तर खालचं सगळं सोलून निघेल. मी नाही हात लावत.’’

निरीक्षकाने विचार केला. मग तो कवळीकाराकडे वळला. ‘‘जरा चालू करून वर घ्या बरं.’’

‘‘पडीक आहे ना ती?’’

‘‘पडीकच आहे. पाहणी झाली, आता चालू करायला हरकत नाही.’’

कवळीकार आत बसला. बूड उठलं. तोंड उठलं. गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली. ट्रकवाल्याने फळ्या टाकल्या, आणि त्या पडीक गाडीने, पहिल्या गिअरमध्ये, एकही आचका न देता, स्वतःच्या चाकांनी ट्रकवर चढून दाखवलं. मिस्त्रीने डोळे पुसले. निरीक्षकाने फाइलीत ‘वाहनाची स्थिती’ या रकान्यात लिहिलं: ‘बंद.’

‘‘तुम्हाला दिसलं नाही?’’ कवळीकार वरून ओरडला. ‘‘तुमच्या समोरून चढली!’’

‘‘दिसलं,’’ निरीक्षक म्हणाला. ‘‘पण रकान्यात दोनच पर्याय आहेत, आणि चालू म्हटलं तर न्यायची कशी?’’

बायकोने वही उघडली, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि लिहिलं: ‘गुरुवार, सव्वादहा. वापर: झाला. अंतर: अकरा फूट, चढाचे.’

तर, नेली. झालं समाधान? खिडकीतून आता दिसते ती हिरव्या तेलाच्या डागाची जागा, आणि कवळीकार तीच बघतोय.

संध्याकाळी बायकोने त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला. ‘‘उद्या शुक्रवार आहे,’’ ती म्हणाली. ‘‘खंड पडू द्यायचा नसेल तर रात्रीच्या आत अर्ज तयार हवा. उद्या ऑफिसात जाताना मी स्वतः त्यांच्या आवकला देते, शिक्का घेऊन.’’

‘‘त्याचं नाव लिहू? त्या दातांचं?’’

‘‘नको,’’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘सुळा मात्र सुंदर बसलाय हो.’’

बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे म्हटलं होतं. कवळीकाराने नाक ओढलं आणि पेन उघडलं.

‘प्रति, मा. प्रमुख, पडीक वाहन विभाग.
विषय: जप्त वाहनाच्या रोजच्या वापरात खंड न पडू देणेबाबत.

महोदय, माझे चालू स्थितीतील पडीक वाहन आपल्या आवारात आहे. घरगुती मंजुरीतील अटीनुसार ते रोज वापरणे मला बंधनकारक आहे. तरी मला दररोज सकाळी साडेआठ वाजता आवारात येऊन, वाहन सुरू करून, ते पूर्ण उठेपर्यंत दीड मिनिट थांबून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेऊन परत लावण्याची कायमस्वरूपी परवानगी मिळावी. त्या वेळी आपल्या कर्मचाऱ्यांपैकी किमान दोघांनी वाहनाकडे मान वळवून बघावे, असे लेखी आदेश व्हावेत. तसेच आपल्या निरीक्षकांची कोणतीही खासगी बाब अर्जदाराने आजवर उघड केलेली नाही व पुढेही करणार नाही, याची नोंद घेऊन वाहनाच्या स्थितीच्या रकान्यात “बंद” व “चालू” यांखाली “विश्रांती घेत आहे” असा तिसरा पर्याय छापून घ्यावा, आणि तो छापून होईपर्यंत आपल्या ठोकळ्याने कृपया कोणत्याही बसलेल्या वस्तूखाली जाऊ नये, ही विनंती.’