माह्याच फॉन्टले परवानगी

पहिलं प्रूफ निघालं तेव्हा रंजिता मशीनजवळच उभी होती. प्रेसच्या मालकीण इंदुताईंनी कागद खिडकीकडे धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "काय वो रंजिता, हे पुस्तक आहे का चाळनी?"

पानभर नुसते रिकामे चौकोन. गाय होती, विहीर होती, टोपलीतली बोरं होती. चित्रं सगळी जागच्या जागी, पण अक्षर एकही नाही.

पुस्तक होतं तांड्यातल्या पहिलीच्या पोरांसाठी, गोरबोलीतलं, म्हणजे बंजारा बोलीतलं. रंजिता स्वतः दिग्रसकडच्या तांड्यातली. शाळेत गेली तेव्हा गुरुजी मराठीत काय बोलतात ते तिला कळायचं नाही, आणि ती काय बोलते ते गुरुजींना. सगळं वर्ष ती भिंतीला टेकून मुकी बसली होती. आता यवतमाळच्या एका खासगी संस्थेत ती पोरांना कॉम्प्युटर शिकवत होती, पण ते वर्ष तिच्या मनातून गेलं नव्हतं. म्हणून हे पुस्तक. आणि बाजारातल्या फॉन्टची अक्षरं तिला फार चिपाडी वाटली, म्हणून फॉन्टही तिनंच काढला. मोठ्या पोटाची, ठसठशीत अक्षरं. 'ब' आणि 'व' मध्ये लेकराचा घोटाळा होऊ नये म्हणून 'ब'ची तिरपी रेघ मुद्दाम जाड ठेवलेली. दोन उन्हाळे त्यात गेले होते.

"कॉम्प्युटर सांगून राह्यला, या फॉन्टले परवानगी नाई म्हनून," इंदुताई म्हणाल्या. "छपाईच्या फाइलमंदी तो बसतच नाई."

"कोनाची परवानगी?" रंजिता उसळली. "फॉन्ट माह्या हातचा आहे!"

तिनं तिथंच खुर्ची ओढली आणि फॉन्टची फाइल उघडून आत बघितलं. प्रत्येक फॉन्टमध्ये एक बारीकशी खूण असते. हा फॉन्ट दुसऱ्या फाइलमध्ये बसवू द्यायचा की नाही, ते ती खूण सांगते. रंजितानं ज्या फुकटच्या प्रोग्रॅमवर अक्षरं काढली होती, त्यानं तिला न विचारताच तिथं 'नाही' लिहून टाकलं होतं. आणि ते बदलायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हतीच.

मग तिनं स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फॉन्टची फाइल उघडायची, ती खूण शोधायची, 'नाही'चं 'हो' करायचं आणि फाइल बंद करायची. बस, एवढंच. दुपारी इंदुताईंच्या मशीनमधून गोरबोली बाहेर पडायला लागली. इंदुताईंनी पान वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यात अडकल्या आणि हसल्या. "मले नाई समजत, पन अक्षर मात्र डोयात भरते वो."

रंजितानं तो प्रोग्रॅम आपल्या वेबसाइटवर ठेवला. आपल्यासारखं अजून कोणी अडलं असेल, एवढाच विचार. खाली लिहिलं, 'स्वतःच्या फॉन्टसाठी वापरा. दुसऱ्याचा असेल तर आधी त्याला विचारा.' अकोल्याच्या एकानं आभार कळवले. नेपाळमधल्या एका मास्तरानंही कळवले.

मग एका मोठ्या फॉन्ट कंपनीच्या वकिलाचा ईमेल आला. हा प्रोग्रॅम म्हणजे कुलूप तोडायचं हत्यार आहे, ताबडतोब काढा, नाहीतर कोर्टात भेटू. त्याची एक प्रत संस्थेचे संचालक भगवानराव यांनाही गेली होती.

भगवानरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यांनी माफीनामा स्वतःच टाइप करून ठेवला होता.

"सही कर अन् विषय संपव, बाई. थे मोठे लोक आहेत. आपन कुठं पुरनार?"

रंजितानं तो वाचला. "सर, माह्या हातून चूक झाली असं लिहिलं तुमी. कोनती चूक ते नाई लिहिलं."

"आता चूक असो की नसो..."

"मंग सही कायले करू?" तिनं कागद टेबलावर ठेवला. "त्या वकिलाले म्हना, मले फोन कर. तोंडासमोर बोलू."

त्या रविवारी ती तांड्यावर गेली, तर याडीच्या, म्हणजे आईच्या, कानावर सगळं आधीच गेलेलं. सुखीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. "पोलीस येतीन का?" तिनं गोरबोलीत विचारलं.

"नाई, याडी."

"आले तं येऊ दे. भाकरी खाऊन जातीन," सुखीबाई म्हणाली. पण पुढची भाकरी तिच्या हातून वाकडी झाली, ते रंजिताला दिसलं. दिसलं आणि आतून तिचा निर्धार आणखी पक्का झाला. आपल्या आईला घाबरवायचा हक्क या लोकांना कोणी दिला?

वकिलाचा व्हिडिओ कॉल आला. राजदीप नाव त्याचं. शहरी, गोड मराठी. रंजिताच्या शेजारी भगवानराव रुमालानं मान पुसत बसले होते.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमनं कोणीही आमचे फॉन्ट उघडू शकतो."

"मी उघडला का तुमचा एखादा? नाव सांगा."

"तसं नाही, पण शक्यता..."

"कात्री घरोघरी आहे. कोनी खिसा कापला तं कात्री बनवनाऱ्याले नोटीस देता का?" रंजिताचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "माहा फॉन्ट मी काढला. त्याच्यावर 'नाही' लिहिलं दुसऱ्यानं. ते मी पुसलं. माह्या घराच्या दारावरचं दुसऱ्याचं कुलूप काढाले मी तुम्हाले काहून विचारू? एक काम करा. रंजितानं स्वतःच्या फॉन्टले हात लावू नये, असं मले लेखी द्या. कंपनीच्या शिक्क्यासकट."

पलीकडे राजदीपनं काहीतरी चाळलं. "मी वरिष्ठांशी बोलतो," तो म्हणाला आणि पडदा काळा झाला.

"आता पुढच्या सत्रात तुले ठेवनं कठीन आहे," भगवानराव खाली मान घालून म्हणाले.

"मालूम आहे, सर."

सत्र संपल्यावर तिचं कंत्राट पुढं गेलं नाही. जीव जळला, वर्गातल्या पोरांवर तिची माया होती. पण इंदुताईंनी प्रेसच्या मागची खोली रिकामी करून दिली आणि तिथं ती पुन्हा शिकवायला बसली. जुन्या पोरांतली बरीच तिच्यामागं आली.

पावसाळ्यात कंपनीचं उत्तर आलं. सध्या कारवाई करत नाही, सर्व हक्क राखून ठेवत आहोत, प्रोग्रॅम काढावा ही मागणी मात्र कायम आहे. इंदुताई म्हणाल्या, "आता तरी काढून टाक. जितली ना तू?"

"जितली म्हनूनच कायले काढू?" रंजिता म्हणाली.

तिनं वेबसाइटच्या पानावर, प्रोग्रॅमच्या खाली, कंपनीची नोटीस जशीच्या तशी लावली. तिच्याखाली आपलं उत्तर, आपल्याच फॉन्टमध्ये. त्याच्याखाली कंपनीचं हे नवं पत्र. आणि मग पान आणखी थोडं लांब करून ठेवलं, पुढच्या नोटिशीला जागा असावी म्हणून.